पोर्टेबल ऑक्सिजन घरात आहे, पण बाबा घराबाहेर पडत नाहीत: सेटिंग, जिना, प्रवास

पेठेतली_मुलगी
रुग्ण वडील, वय ६८, पुणे. कबुतरांमुळे झालेला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज), आता फुप्फुसात फायब्रोसिस (व्रण पडून फुप्फुस कडक होणं). बसून, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३-९४. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत २४० मीटर अंतर आणि सॅच्युरेशन ८१ पर्यंत खाली. चिठ्ठीवर लिहिलंय "चालताना २ लिटर".

मशीन बॅटरीवर चालणारं आहे, सव्वादोन किलोचं, श्वासागणिक झोत देणारं, सेटिंग १ ते ५. विक्रेत्याने २ वर लावून दिलं. महिन्याभरात चार वेळा वापरलं असेल. प्रश्न असे:

१. सेटिंग २ वर चालतानाही सॅच्युरेशन ८३-८४ होतं. मशीन खराब आहे का? दिवा हिरवा असतो, अलार्म वाजत नाही.
२. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना कसा चढायचा?
३. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला भाचीचं लग्न. गाडीने पाच तास. मशीनची बॅटरी कागदावर सेटिंग २ ला साडेचार तास.
४. आणि खरा प्रश्न. "नाकात नळी घालून लोकांत कसा जाऊ" म्हणून ते जातच नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी सारसबागेत जायचे.

श्वासमापक
ताई, मशीन बहुधा ठीक आहे. विक्रेत्याने "२ लिटर"चं भाषांतर "सेटिंग २" असं केलं, तिथे घोळ झाला. सेटिंगचा आकडा म्हणजे लिटर नव्हे. तो त्या कंपनीचा स्वतःचा आकडा असतो. दोन कंपन्यांच्या २ मध्येही फरक असतो.

सिलिंडरला २ लिटर लावलं की मिनिटाला २००० मिली सतत येतात. त्यातला श्वास सोडतानाचा भाग वायाच जातो. झोतवाली मशीनं श्वास आत घ्यायला सुरुवात झाली की लगेच छोटा डोस देतात, म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये काम भागवतात. या वजनाच्या बऱ्याच मशीनमध्ये सेटिंग २ म्हणजे मिनिटाला साधारण ४२० मिली. बसलेल्या माणसाला पुष्कळदा पुरतं. आता चालताना बघा. मिनिटाला २० श्वास असतील तर प्रत्येक श्वासाला २१ मिली. श्वास ३० झाले की तेच ४२० मिली तीस जणांत वाटल्यासारखं, प्रत्येकी १४. म्हणजे गरज वाढते तेव्हाच डोस लहान होतो. काही मशीनं झोताचा आकार कायम ठेवतात, पण त्यांचीही मिनिटाला तयार करण्याची कमाल मर्यादा असतेच. फायब्रोसिसचा माणूस चालताना भराभर, उथळ श्वास घेतो आणि त्याचं सॅच्युरेशन झपकन पडतं. त्यामुळे हा घोटाळा सीओपीडीपेक्षा (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) तुमच्याकडे जास्त दिसणार.

हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की मशीनला श्वास कळतोय आणि बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता बरोबर आहे. रक्तात किती पोचला हे मशीनला कळत नाही.

म्हणून मूळ चाचणी त्याच मशीनवर, तेच पाठीला लावून, पुन्हा करून घ्या. सेटिंग २, मग ३, मग ४, मध्ये पूर्ण विश्रांती. रुग्णालयात ३० मीटरचा कॉरिडॉर लागतो, तंत्रज्ञ असतो. चिठ्ठीवर "२ लिटर" ऐवजी मशीनचं नाव, "बसून अमुक, चालताना अमुक, जिन्यावर अमुक" असं लिहून मागा. सेटिंग ५ वरही ८८ टिकत नसेल तर हे मशीन त्यांच्यासाठी अपुरं आहे, आणि मग सतत प्रवाह देणारं जड मशीन किंवा छोटा सिलिंडर हाच मार्ग.

घरी नोंद घेताना दोन चुका नेहमी होतात. बोटावरचा ऑक्सिमीटर अर्धा मिनिट मागे असतो, त्यामुळे सर्वांत खालचा आकडा थांबल्यानंतर दिसतो. थांबल्याबरोबर काढून टाकू नका. आणि हात हलत असताना आलेला आकडा धरू नका. हात छातीशी टेकवून, बोट गरम असताना, नाडीचा आकडा स्थिर झाल्यावर वाचा. नखांना रंग किंवा बोटांना गडद मेंदी असेल तर दुसरं बोट.

रमाकांत_७१
एवढं कशाला? सरळ ५ वर ठेवा आणि दिवसभर लावा. ऑक्सिजन जास्त झाला म्हणून कुणाला काही होत नाही.

श्वासमापक
होतं, काका. सीओपीडी, खूप लठ्ठपणा, पाठीचा कणा वाकडा असलेल्या काही रुग्णांत ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, हात थरथरणं ही त्याची लक्षणं. अशा रुग्णांना ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. ताईंच्या वडिलांना हा धोका कमी दिसतो, पण तो "नाही" हे रक्तवायूची तपासणी बघून डॉक्टरांनीच म्हणायचं.

आणि दिवसभर लावण्याबद्दल. "रोज १५ तास" हा नियम १९८० आणि १९८१ च्या अमेरिकन व ब्रिटिश अभ्यासांतून आला. ते रुग्ण सीओपीडीचे होते आणि बसल्या जागीही त्यांचा ऑक्सिजन खूप कमी होता. २०१६ मध्ये ७३८ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात मध्यम घट असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढलं नाही, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, जीवनमानातही फरक पडला नाही.

फायब्रोसिसचं गणित वेगळं. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ८४ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांचा ऑक्सिजन ताईंच्या वडिलांसारखा फक्त चालताना पडत होता. दोन आठवडे हालचालीच्या वेळी ऑक्सिजन दिल्यावर जीवनमानाचे गुण सुधारले, दम आणि हालचाल या भागात सर्वांत जास्त. पण मनःस्थितीच्या भागात ठोस फरक दिसला नाही. ताई, तुमचा चौथा प्रश्न त्यामुळे मशीनने सुटणारा नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या कुणी द्यावं.

फिजिओ_कोथरूड
जिन्याचं मी सांगते. बहुतेक जण तळाशी पोचल्यावर मशीन सुरू करतात आणि लगेच चढायला लागतात. चढण्याच्या सेटिंगवर दोन-तीन मिनिटं आधी ठेवा, खाली बाकावर बसूनच. चार पायऱ्या, थांबा, तीन श्वास, पुन्हा चार. दम लागण्याआधी थांबायचं. दम लागल्यावर थांबलं तर सावरायला तिप्पट वेळ जातो. पाऊल उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावू नये, आणि हेच सगळ्यात जास्त घडतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवा. शेजाऱ्यांना विचारून ठेवा, नाही तर ती दुसऱ्या दिवशी गच्चीवर सापडते.

मशीन खांद्याला एका बाजूला लटकवू नका. पाठीवरच्या पिशवीत दोन्ही पट्टे लावून न्या, किंवा जिन्यापुरतं तुम्ही हातात घ्या आणि एक पायरी मागे चाला. नळी मात्र झोतवाल्या मशीनला माहितीपुस्तिकेत दिलेल्या लांबीचीच हवी. लांब नळीत श्वासाचा इशारा मशीनला उशिरा कळतो आणि झोत श्वास संपताना येतो.

ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडण्याची युक्ती सीओपीडीत फार कामाची. फायब्रोसिसमध्ये तिचा विशेष उपयोग होत नाही. तिथे वेग कमी करणं आणि आधी थांबणं हेच औषध. कुणी हट्टाने ती शिकवत असेल तर सोडून द्या.

रोजचं चालणं: दोन मिनिटं चाल, एक मिनिट विश्रांती, असे सुरुवातीला पाच फेरे. दम शून्य ते दहाच्या मापात ३-४ पर्यंत, म्हणजे तुटक का होईना पण वाक्य बोलता आलं पाहिजे. ८८ च्या खाली गेलं की वेग कमी, ८५ ला थांबायचंच. पल्मोनरी रिहॅबिलिटेशनचा (फुप्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाचा) वर्ग जवळ असेल तर सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा जा. फुप्फुस सुधारत नाही, पण मांडीचे स्नायू सुधारतात, आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जास्त पायऱ्या चढता येतात.

घरातली दोन ठिकाणं लोक विसरतात. पहिलं न्हाणीघर. उंच स्टूल, कोमट पाणी, वाफ साचू न देणं, दार आतून न लावणं. मशीन दाराबाहेर कोरड्या जागी. अंग पुसण्यात फार दम जातो, म्हणून मोठा पंचा अंगाभोवती गुंडाळून नुसतं बसायचं. दुसरं संडास. उकिडवं बसलं की पोट छातीवर दाबलं जातं, उठताना सॅच्युरेशन धाडकन पडतं. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथताना श्वास कोंडतोच.

पेठेतली_मुलगी
चाचणी त्याच मशीनवर परत झाली. सेटिंग २: खाली ८३. सेटिंग ३: ८६. सेटिंग ४: ८९, अंतर २८५ मीटर. रक्तवायूत कार्बन डायऑक्साइड नॉर्मल. चिठ्ठीवर आता "बसून गरज नाही, चालताना ४, जिन्यावर ५". पण सेटिंग ४ ला बॅटरी निम्मीच टिकते. मग कोल्हापूर कसं?

सिलिंडर_सांगली
४५ मीटर वाढले हे चांगलं आहे. या चाचणीत ३० मीटरच्या आसपासचा फरकही माणसाला जाणवतो.

कोल्हापूरला बॅटरी पुरेल. गाडीत ते बसलेले असणार आणि बसून ९३-९४ आहे, म्हणजे पाचही तास मशीन लागणार नाही. दर तासाला आकडा बघा, ९० च्या खाली गेला तरच लावा. पुणे आणि कोल्हापूर जवळपास सारख्या उंचीवर आहेत, त्यामुळे तिथे आकडे बदलणार नाहीत. येताना महाबळेश्वर करू असं कुणी सुचवलं तर आधी डॉक्टरांना विचारा. तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी, आणि बसून ९३ असणारा माणूस तिथे बसूनही ऑक्सिजनवर येऊ शकतो.

गाडीचा १२ व्होल्टचा चार्जर घ्या. आधी इंजिन सुरू करा, मग चार्जर लावा; स्टार्ट मारताना व्होल्टेज खाली-वर होतं. काही मशीनं गाडीच्या सॉकेटवर चालतात पण वरच्या सेटिंगला बॅटरी चार्ज करत नाहीत. हे निघायच्या आठवडाभर आधी करून बघा, खंबाटकी घाटात नव्हे. जेवायला थांबाल तेव्हा मशीन उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. ४० अंशांच्या वर ते चालायला नकार देतं, आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कायमचं घटतं.

दुसरी बॅटरी घ्याच. बॅटरी तीनशे-चारशे चार्जनंतर दमायला लागते, कागदावरचे साडेचार तास नव्या बॅटरीचे असतात. घरी एकदा पूर्ण चार्ज करून सेटिंग ४ वर, नळी नाकात असताना, बंद पडेपर्यंत चालवा आणि घड्याळ लावा. तो आकडा खरा. तिसऱ्या सोबतीला छोटा ॲल्युमिनियमचा सिलिंडर. हिशोब सोपा: सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले गेजवरचा दाब. १.७ लिटरचा सिलिंडर १४० बारवर असेल तर २३८ लिटर. २ लिटरने जवळपास दोन तास, पण पाचवा हिस्सा राखीव धरून दीड तासच मोजा. त्यांना २ लिटर पुरतं का, ते डॉक्टरांकडून त्याच सिलिंडरवर चालवून ठरवून घ्या. गाडीत तो आडवा, पट्ट्याने बांधून. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. त्याला तेल, ग्रीस, खोबरेल लागलेला हात नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. मेडिकलमध्ये मिळणारे ऑक्सिजनच्या फवाऱ्याचे डबे घेऊ नका. दहा लिटरचा डबा २ लिटरच्या हिशोबाने पाच मिनिटांत संपतो.

रेल्वेने जायचं कधी ठरलं तर वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास रुग्णाला ऑक्सिजन सिलिंडर सोबत नेता येतो. विमानात स्वतःचा सिलिंडर चालत नाही, मान्यताप्राप्त पोर्टेबल मशीन चालतं. दोन दिवस आधी विमान कंपनीला कळवून वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या, आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात.

समुपदेशक_नाशिक
आता चौथा प्रश्न. "लोकांत कसा जाऊ" हे वाक्य सगळे रुग्ण सारखंच बोलतात, पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असतात. आधी कोणती ते शोधा.

पहिली, बॅटरी मध्येच संपेल ही भीती. हिला लाज समजून समजावत बसण्यात अर्थ नाही. हिला नियम लागतो. बॅटरी ६० टक्क्यांवर आली की घराकडे वळायचं. दुसरी बॅटरी मुलीच्या पिशवीत नको, त्यांच्या स्वतःच्या खिशात. ती बदलायला त्यांनाच शिकवा, डोळे मिटून बदलता येईपर्यंत. मशीन घरातले चालवतात आणि रुग्ण नुसता नळीच्या टोकाला बसलेला असतो, तिथे माणूस लवकर हार मानतो.

दुसरी, लोक काय म्हणतील. त्यातही नेमकं काय? आपल्याकडे नळी दिसली की "टीबी आहे का" हा प्रश्न येतो. त्याला एक तयार वाक्य द्या: "चालताना ऑक्सिजन कमी पडतो म्हणून हे, संसर्गाचं काही नाही." एवढंच. पुढचं स्पष्टीकरण देत बसायचं नाही. सारसबागेत पहिल्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत नेऊ नका. दुपारी तीनला, दोन बाकांच्या अंतरापर्यंत, एका जुन्या सोबत्याबरोबर. त्या सोबत्याला आधी फोन करून सांगून ठेवा. नळी चष्म्याच्या काड्यांमधून जाणारी फ्रेम मिळते, ज्यांना दिसण्याचंच दुःख आहे त्यांना ती बरी. मात्र झोतवाल्या मशीनला ती नीट इशारा देते का हे चालून तपासा. कानामागे नळीने जखम होत असेल तर तिथे मऊ कापडाची किंवा फोमची गादी. नाक कोरडं पडत असेल तर सलाइनचे थेंब किंवा पाण्यावर आधारित जेल. व्हॅसलीन नको.

तिसरी, "मी सगळ्यांना ओझं झालो." ही सर्वांत अवघड, आणि घरचे नकळत ती वाढवतात. दर दहा मिनिटांनी "दम लागतोय का?", घरभर सगळ्यांची नजर ऑक्सिमीटरवर. आकडा बघायच्या वेळा ठरवा: चालण्याआधी, थांबल्यावर, आणि त्रास वाटला तर. एरवी तो डबीत. त्यांना काम द्या, आणि ते खरं असावं. लग्नात आहेराची वही त्यांच्याकडे द्या: बसून करायचं काम, प्रत्येक पाहुणा त्यांच्याजवळ येणार, त्यांना कुणाच्या मागे चालत जावं लागणार नाही.

उभारी म्हणजे हसतमुख राहणं, असा गैरसमज आहे. रडणारा, चिडणारा माणूसही उभारी धरून असू शकतो. त्याला काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे स्वतः निवडता येतं का, एवढं बघा. म्हणून "पूर्वीसारखं फिरा" म्हणू नका, "सारसबाग, जिना, पूजा, पत्ते यातलं काय परत हवंय?" असं विचारा. जे ते म्हणतील तिथून सुरुवात, तुम्हाला योग्य वाटतं तिथून नव्हे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टीत रस नसेल, "कशाला जगायचं" अशी भाषा येत असेल तर तो स्वभाव नव्हे, नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. झोपेच्या गोळ्या मात्र छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, काही गोळ्या श्वास मंदावतात.

फिजिओ_कोथरूड
लग्नाचा विषय निघाला म्हणून. होम, आरती, उदबत्ती, फटाके यांच्यापासून किमान दहा फूट लांब. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण शाल, दाढी, उपरणं यांत तो मुरलेला असतो आणि ठिणगी पडली की ते एकदम भडकतं. मशीन बंद केल्यावरही वीसेक मिनिटं ज्योतीजवळ नको. निरांजन ओवाळायचं असेल तर ते ताम्हनात दुसऱ्या कुणीतरी ओवाळावं. घरी देवपूजेला विजेचा दिवा लावा, हे मी प्रत्येक घरात सांगते आणि निम्म्या घरांत ते ऐकलं जात नाही.

पेठेतली_मुलगी
आहेराच्या वहीचं विचारलं, तर म्हणाले "अक्षर चांगलं आहे माझं, बघू." म्हणजे लाजेचा भाग असावा, बॅटरीचा कमी. एक शेवटचं: हॉलमध्ये चार्जिंगवर ठेवून वापरलं तर चालेल?

सिलिंडर_सांगली
चालेल. भिंतीजवळची, सॉकेट असलेली जागा त्यांना द्या आणि ते सॉकेट आधी मोबाइल लावून तपासा. हॉलमधले निम्मे सॉकेट मेलेले असतात. जनरेटर सुरू होताना-बंद होताना चार्जर काढून ठेवा. आणि बँड वाजत असेल तर मशीनचा अलार्म कुणालाच ऐकू येणार नाही, तेव्हा पडदा त्यांच्या बाजूला वळवून टेबलावर ठेवा. आहेराच्या वहीशेजारीच.